आमच्या घरचा रंग्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्धापनदिनाला आपल्यापैकी एकीने स्वतःचा अनुभव सांगायचा, अशी आपली पद्धत आहे. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घेतले तेव्हा मी अगदी घाबरून गेले. मी म्हटले, "बाई, मी ना कुठे यात्रेला गेले, ना काही बक्षीस मिळवले. गेली काही वर्षे मी फक्त एका पाखराची शीट पुसते आहे." त्या शांतपणे म्हणाल्या, "मग त्यावरच बोला." तेव्हा आज मी जे बोलणार आहे त्याचा दोष थोडासा चिटणीसबाईंकडेही जातो, हे आधीच सांगून ठेवते.

हे पाखरू म्हणजे लोरिकीट. पोपटाच्याच जातीतले, पण आपल्या राघूसारखे एकरंगी नव्हे. डोके निळे, छाती केशरी-तांबडी, पाठ हिरवीगार, मानेमागे पिवळसर पट्टा आणि चोच लालभडक. रंगपंचमीच्या दिवशी चार पोरांनी हातात धरून रंगवावे आणि सोडून द्यावे, तसे हे ध्यान दिसते. मूळचे ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याकडचे. तिथे ते आपल्याकडच्या साळुंक्यांसारखे गावात, बागेत, रस्त्याकडेच्या झाडांवर थव्याने असते. लांबीला वीतभराहून थोडे जास्त, वजनाला सव्वाशे ग्रॅमच्या आतबाहेर. म्हणजे अर्धा पाव लोण्याइतके. पण त्या अर्ध्या पावाने आमच्या दोन खोल्यांच्या घरात जो गोंधळ घातला आहे, तो तीन नातवंडांनी मिळून घातला नसता.

तो आमच्याकडे आला २०१८ च्या दिवाळीत. मी विकत आणला नाही, हे आवर्जून सांगते. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा बंगलोरला नोकरीला निघाला. पिंजरा हातात घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, दोनच महिने सांभाळ. घर मिळालं की घेऊन जातो." त्याला घर मिळाले, पुढे बायकोही मिळाली, पण त्या दोन महिन्यांची मुदत काही अजून संपलेली नाही. पिंजऱ्याबरोबर त्याने एक पिशवी दिली. तीत राळे आणि सूर्यफुलाच्या बिया होत्या. दुकानदाराने हेच खायला घालायला सांगितले होते म्हणे.

आम्ही त्याचे नाव रंग्या ठेवले आणि बिया घालू लागलो. पंधरा दिवसांत रंग्या मलूल झाला. पिसे फुगवून कोपऱ्यात बसू लागला. माझे आपले घरगुती निदान, की पोराची आठवण येत असेल. आमचे हे मात्र म्हणाले, "अगं, आठवणीनं माणूस वाळतं. पाखराला डॉक्टर दाखव." ठाण्याला एक पक्ष्यांचे डॉक्टर मिळाले. त्यांनी बियांची पिशवी बघितली आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, "बाई, हा बी फोडून खाणारा पोपट नाही. हा फुलातला मध पिणारा आहे."

मग त्यांनी मला त्याची जीभ दाखवली. भगिनींनो, ती जीभ एकदा बघण्यासारखी आहे. टोकाला बारीक मऊ तंतूंचा झुबका, अगदी चित्रकाराच्या कुंचल्यासारखा. हे पाखरू फुलात जीभ घालते आणि मध व पराग पुसून घेते. त्याच्या पोटातली बी दळायची पिशवी दुबळी असते. म्हणजे आपल्या मिठूला डाळ-मिरची चालते म्हणून यालाही चालेल, हा हिशेब चुकीचा. त्याच्यासाठी तयार पूड मिळते, ती पाण्यात कालवून द्यायची. सकाळी एकदा, दुपारनंतर एकदा. उन्हाळ्यात हे पाणी दोन-तीन तासांत आंबते, म्हणून उरलेले टाकायचे आणि वाटी गरम पाण्याने धुवायची. जोडीला पपई, सफरचंद, पेरू, डाळिंबाचे दाणे आणि औषध न मारलेली जास्वंदीची फुले. आपल्या बागेतले लाल कुंचल्यांसारख्या फुलांचे बॉटलब्रशचे झाड तुम्ही पाहिले असेल. ते आणि निलगिरी, ही दोन्ही झाडे त्याच्याच माहेरची. पहिल्यांदा मी बॉटलब्रशची डहाळी पिंजऱ्यात लावली, तेव्हा त्याने जो आनंद केला तो पाहून मला माझ्या आईकडून येणाऱ्या आमसुलांची पुरचुंडी आठवली. माहेरचे ते माहेरचेच.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, तिची मला मोठी गंमत वाटली. आपल्याला सगळे डॉक्टर सांगतात की बायकांनो, लोह खा, पालक खा, लोखंडी कढईत भाजी करा. आणि याचे नेमके उलटे! या जातीच्या पाखरांच्या काळजात, म्हणजे यकृतात, लोह साठत जाते आणि त्यानेच ती दगावतात. म्हणून लोहाचे पदार्थ वर्ज्य. चहा, कॉफी, चॉकलेट आणि ते अव्हाकाडो नावाचे फळ तर विषच. आणि तुमचे ते न चिकटणारे काळे तवे आहेत ना, ते रिकामे तापून धुरले तर त्या वाफेने पाखरू काही मिनिटांत मरते. मी त्या दिवशी घरी येऊन सुनेने हौसेने दिलेला तवा पुन्हा खोक्यात घातला आणि बिडाचा तवा खाली काढला. सूनबाईला कारण सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आई, मला वाटलं तुम्हाला तवा आवडला नाही." पाखरामुळे असा एक गैरसमज मिटला, हेही नोंदवून ठेवते.

आता मुख्य विषयाकडे वळते, म्हणजे घाणीकडे.

जो प्राणी पाणीच खातो, तो बाहेरही पाणीच टाकणार, हे ओघानेच आले. पण रंग्या नुसते टाकत नाही. तो उडवतो. शेपटी वर करतो, जरा मागे सरकतो आणि पिचकारी! तीन फुटांवरची भिंत सहज गाठते. पिंजऱ्याखाली वर्तमानपत्र घालून भागेल, असे मला पहिल्या आठवड्यात वाटले होते. आता पिंजऱ्यामागच्या भिंतीला माणसाच्या उंचीइतके मेणकापड लावले आहे, खाली जुना गालिचा नव्हे तर फरशी उघडी ठेवली आहे आणि कोपऱ्यात एक बादली, एक फडके कायमचे. फळ खाताना तो रस शोषतो, चोथा मान झटकून चारी दिशांना फेकतो. आमच्या ह्यांचे सकाळचे वर्तमानपत्र पपईच्या ठिपक्यांशिवाय मी गेल्या कित्येक वर्षांत पाहिलेले नाही. ते म्हणतात, "अग्रलेखावर याचं मत नेहमी माझ्यासारखंच असतं." त्यात सगळे गोड आणि चिकट, म्हणून मुंग्या. पिंजऱ्याचे पाय मी पाण्याच्या वाट्यांत ठेवते, पूर्वी आपण दुधाचे कपाट ठेवत असू तसे.

आणि आंघोळ! प्यायचे पाणी ठेवले की त्यात बसून पंख फडफडवायचे, ही त्याची रोजची पूजाअर्चा. सगळे घर शिंपडून झाले की मग अंगावर येऊन बसायचे आणि आपल्याच पदराला अंग पुसायचे.

तुम्ही विचाराल, मग बाई, हे सगळे कशासाठी? त्याचे उत्तर असे की या पाखराइतके हसवणारे दुसरे कोणी मी पाहिलेले नाही. बाकीचे पक्षी उतरतात, हा उड्या मारत चालतो, दोन्ही पायांवर, लंगडी घालणाऱ्या पोरासारखा. पाठीवर उताणा पडतो आणि लिंबाएवढा चेंडू पायांनी उडवतो. पहिल्यांदा त्याला असे पाय वर करून पडलेले पाहिले तेव्हा मी किंचाळलेच. मला वाटले, गेला! तर महाराज एक डोळा उघडून माझ्याकडे बघताहेत. कुकरची शिट्टी तो इतकी हुबेहूब वाजवतो की दोनदा मी गॅस बंद करायला धावले आणि कुकर चढवलेलाच नव्हता. दाराची घंटा वाजली की आधी तो ओरडतो, "आले, आले!" आणि ते माझ्या आवाजात. दुपारी चार वाजले की ह्यांच्या आवाजात विचारतो, "चहा झाला का?" एका घरात हा प्रश्न दोघांनी विचारावा, हे जरा जास्तच होते.

चैत्रातले हळदीकुंकू इथल्या पुष्कळ जणींना आठवत असेल. आरास झाली, पन्ह्याचे पातेले झाकून ठेवले, आणि मी गजरे आणायला आत गेले तेवढ्यात कोणीतरी कौतुकाने पिंजऱ्याचे दार उघडले. कोणी उघडले ते मला माहीत आहे, पण मी नाव घेणार नाही, त्या दुसऱ्या ओळीत बसल्या आहेत. मी बाहेर येते तो झाकण बाजूला, रंग्या पातेल्याच्या काठावर, आणि जीभ पन्ह्यात. एक बाई म्हणाल्या, "शुभशकुन आहे." दुसऱ्या म्हणाल्या, "शकुन असू दे, मला चहा द्या." त्या दिवशी चैत्रगौरीपुढे पहिल्यांदाच चहाचे हळदीकुंकू झाले.

२०२१ च्या पावसाळ्यात आणखी एक नवल घडले. या जातीत नर-मादी दिसायला सारखेच, पिसाची तपासणी केल्याशिवाय कळत नाही. एके सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पांढरेशुभ्र अंडे! जोडीदार नसला तरी मादी कधीकधी अशी वांझ अंडी घालते, असे डॉक्टर म्हणाले. तीन वर्षे मी ज्याला "मेल्या, गप बैस" म्हणत होते, ती "मेली" निघाली. आमच्या ह्यांनी तिचे बारसे पुन्हा केले आणि रंग्याची रंगू झाली. तेव्हा यापुढे मी 'ती' म्हणेन. पहिल्या भागातला 'तो' आणि दुसऱ्या भागातली 'ती' एकच आहे, स्मरणिकेत छापताना दुरुस्ती करू नये.

आता जे सांगायचे आहे ते जरा जड आहे. त्यात ज्यांचा संबंध येतो त्या काकू इथे समोरच बसल्या आहेत, आणि त्यांची परवानगी घेऊनच सांगते.

आमच्या शेजारच्या काकूंना सगळी इमारत काकूच म्हणते. वय पंचाहत्तरीला आलेले, एकट्या राहतात, मुलगा परदेशात. त्यांची आणि आमची गॅलरी एकमेकींना लागून. २०२२ च्या उन्हाळ्यात काकूंनी तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून कुरडया घातल्या आणि गॅलरीत खाटेवर वाळत टाकल्या. त्याच सकाळी मी रंगूचा पिंजरा उन्हाला म्हणून गॅलरीत टांगला. पुढचे सांगायला नको. शेपटी वर, जरा मागे, आणि काकूंच्या दोन ओळी कुरडया गेल्या.

मी क्षमा मागितली. पण क्षमेने कुरडया परत येत नाहीत. काकू एवढेच म्हणाल्या, "तुमच्या घरी तुम्ही काय वाटेल ते पाळा, माझ्या ताटात नको." त्यानंतर सोसायटीच्या सभेत अर्ज आला, की पहाटेच्या किंकाळ्यांनी झोपमोड होते. अर्ज खोटा नव्हता. रंगूचा आवाज कानात सुई घातल्यासारखा आहे, आणि तिची पहाट आपल्या पहाटेच्या आधी होते. मी रात्री पिंजऱ्यावर जाड चादर घालू लागले, गॅलरी बंद केली. तरी काकूंचे बोलणे बंद झाले ते झालेच. जिन्यात भेटल्या तर मान वळवायच्या. हळदीकुंकवाला आल्या नाहीत. भिंतीला भिंत लागून असताना जवळजवळ वर्षभर आम्ही दोघी अशा राहिलो. आपल्यापैकी प्रत्येकीने असे एखादे वर्ष काढले असेल.

२०२३ च्या श्रावणात एका रात्री दोन वाजता आमच्या ह्यांच्या छातीत कळ आली. मी दार उघडून हाका मारल्या. वरखालची दारे उघडायला वेळ लागला. शेजारचे दार मात्र लगेच उघडले. काकू केस बांधत बाहेर आल्या, रिक्षावाल्याला फोन त्यांनी केला, ह्यांच्या पायात चप्पल त्यांनी सरकवली. निघताना माझ्या तोंडून एवढेच निघाले, "काकू, रंगू..." त्या म्हणाल्या, "किल्ली द्या नि निघा."

मुंबईच्या रुग्णालयात हृदयाची शस्त्रक्रिया झाली, मग छातीत कफ झाला, आणि दोन-चार दिवसांचे एकवीस दिवस झाले. मी दादरला बहिणीकडे राहून येजा करत होते. खरे सांगते, पहिले चार दिवस मला पाखराची आठवणसुद्धा झाली नाही. काकूंचे फोन येत होते, पण अतिदक्षता विभागात फोन घेता येत नव्हता. पाचव्या दिवशी आठवले आणि पोटात गोळा आला. मी त्यांना पुडीचे प्रमाण सांगितले नव्हते. काय द्यायचे, काय द्यायचे नाही, काहीच नाही. माझ्या डोक्यात होते, कागदावर कुठेच नव्हते.

फोन केला तेव्हा काकू म्हणाल्या, "तुम्ही तिकडचं बघा. डब्यावर डॉक्टरांचा नंबर चिकटवलेला होता, त्यांना विचारलं. खातेय ती." फोन ठेवला. पुढेही रोज तेवढेच वाक्य, "खातेय ती."

आम्ही घरी आलो. भिंत पुसलेली, वाट्या घासलेल्या, पिंजऱ्यात जास्वंद. मी काकूंचे हात धरले तर त्या म्हणाल्या, "वाटी ठेवत होते, दुसरं काय करणार?" आणि किल्ली माझ्या हातावर ठेवून निघून गेल्या.

आठेक दिवसांनी तिन्हीसांजेला मी दिवा लावत होते. हे आत झोपले होते. रंगू दाराकडे तोंड करून बसली होती आणि एकदम बोलली, "येतील हं, येतील." तो आवाज माझा नव्हता, ह्यांचाही नव्हता. तो काकूंचा आवाज होता. आणि त्या आवाजात असे मार्दव होते की मी उदबत्ती हातात धरून तशीच उभी राहिले. थोड्या वेळाने पुन्हा, "येतील हं, येतील. खा."

मग मला हळूहळू सगळे कळले, डॉक्टरांकडून आणि पहिल्या मजल्यावरच्या मुलीकडून. पहिले दोन दिवस रंगूने वाटीला तोंड लावले नव्हते. काकू सकाळ-संध्याकाळ पिंजऱ्यापाशी खुर्ची घेऊन बसत, पपईची फोड हातात धरून. कॉलेजातून आल्यावर ती मुलगी वरचे कपाट काढून द्यायला, पाणी भरायला जात असे. रात्री काकू आमच्याच घरात सतरंजी टाकून झोपत, कारण अंधारात पाखरू घाबरते असे डॉक्टरांनी सांगितले होते. ज्या बाईने सभेत अर्ज दिला होता, तीच बाई!

मी दुसऱ्या दिवशी त्यांना घरी बोलावले. रंगूने त्यांना पाहिले मात्र, उड्या मारत आली आणि तेच वाक्य म्हणाली. काकूंनी पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, "अहो, संध्याकाळी माझ्याकडे कुणी यायचं नसतं. तिच्या निमित्तानं तेवढं म्हणून घेत होते." एवढ्या वर्षांत भिंतीपलीकडे एकटी बाई राहते हे मला माहीत होते, पण तिला संध्याकाळ कशी जाते हे मी कधी विचारले नव्हते. ते मला अर्ध्या पावाच्या पाखराने सांगितले. आता रोज चारला रंगू "चहा झाला का?" विचारते तेव्हा आमच्याकडे तीन कप चहा होतो. आणि कुरडया काकू आमच्या स्वयंपाकघराच्या बाजूच्या गॅलरीत घालतात. तिथवर पिचकारी पोचत नाही, मी मोजून घेतले आहे.

पण त्या एकवीस दिवसांनी माझ्या मनात एक प्रश्न कायमचा बसवला. ही जात नीट सांभाळली तर वीस वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगते. माझी साठी उलटून कितीतरी वर्षे झाली. हिशेब साधा आहे. माझ्यामागे हिचे काय?

याबाबत मी एक जुनी गोष्ट वाचली, ती सांगते. कॅप्टन कुकच्या जहाजावर ताहितीकडच्या बेटांवरचा तुपाया नावाचा एक जाणता वाटाड्या होता. १७७० साली ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर त्याला असेच एक लोरिकीट मिळाले आणि ते त्याने पाळले. त्याच वर्षी बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, तुपाया वारला. पाखरू मात्र जगले. जहाजावरच्या बॅंक्स नावाच्या शास्त्रज्ञाने ते सांभाळले आणि १७७१ साली ते इंग्लंडला पोचले. ऑस्ट्रेलियातून तिथे जिवंत पोचलेला हा पहिला पोपट म्हणतात. पुढे त्याचे चित्रही छापले गेले. लोकांना चित्राचे कौतुक वाटते. मला मात्र वाटले, मालक मेल्यावर ते पाखरू कोणाच्या आवाजात बोलत असेल? आणि त्याला हातात घेणारा कोणी निघाला नसता तर?

याच पाखरांची दुसरी गोष्ट आनंदाची आहे. ऑस्ट्रेलियातच करम्बिन नावाच्या गावी ग्रिफिथ्स नावाचे एक गृहस्थ फुलांची शेती करीत. लोरिकीटांचे थवे येऊन फुलांची नासाडी करीत. गृहस्थांनी दगड उचलला नाही. त्यांनी पाखरांना वेगळे खाणे ठेवायला सुरुवात केली. पाखरे फुले सोडून ताटावर येऊ लागली, ती पाहायला माणसे येऊ लागली, आणि १९४७ साली तिथे पक्ष्यांचे आश्रयस्थान सुरू झाले. आजही ते चालू आहे. काकूंना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांच्या कुरडया नव्हत्या, फुलं होती, म्हणून जमलं."

तर भगिनींनो, दोन-तीन गोष्टी कामाच्या सांगते आणि बसते.

पहिली, कायद्याची. आपला हिरवा राघू घरात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आपल्या लहानपणी घरोघर मिठू असे, म्हणून आताही चालते असे समजू नका. आपल्या सह्याद्रीतही एक चिमुकला हिरवा पोपट आहे, झोपताना वटवाघळासारखा उलटा लटकतो. जुन्या इंग्रजी पुस्तकांत त्याला भारतीय लोरिकीट म्हणत. तो खरा लोरिकीट नव्हे, आणि तोही रानातच राहू द्यायचा. रंगूसारख्या परदेशी जातीच्या पाखरांची सरकारदरबारी नोंद करावी लागते. त्याचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. पहिल्या मजल्यावरच्या मुलीने संगणकावर आमचा अर्ज भरून दिला, हजार रुपये शुल्क पडले. पाखरू दुसऱ्याला दिले किंवा ते गेले तरी कळवावे लागते.

दुसरी गोष्ट, रंग पाहून पाखरू आणू नका. मी माझ्या भाच्याला रागावले आहे, तसेच तुमच्या मुला-नातवंडांनाही रागवा. जे पाखरू तिकडे थव्याने झाडाझाडांवरून फिरते, ते दोन खोल्यांत एकटे ठेवणे हे काही पुण्याचे काम नाही. मी तिला रोज तीन-चार तास मोकळी सोडते, पंखा बंद करते, खिडक्या लावते, तिच्याशी बोलते. तरी बॉटलब्रशच्या डहाळीला ती जशी बिलगते, ते पाहून मला कधीकधी तिच्याकडे बघवत नाही. आलेल्या जिवाला नीट सांभाळावे, नवा आणू नये, एवढेच माझे मत आहे.

आणि तिसरी, सगळ्यांत महत्त्वाची. घरात पाखरू असो, मांजर असो, नाहीतर अंथरुणाला खिळलेले माणूस असो, एक कागद लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. काय खाते, किती, केव्हा. काय मुळीच द्यायचे नाही. डॉक्टर कोण. आणि आपण नसलो तर कोणाकडे जायचे. आपल्या डोक्यातले ज्ञान रात्री दोन वाजता शेजारणीच्या उपयोगी पडत नाही. माझा कागद मी ह्यांना घेऊन परत आले त्याच आठवड्यात लिहिला. शेवटच्या ओळीसाठी मात्र वर्षभर लागले. काकू म्हणाल्या, "मी घेईन." मी म्हटले, "काकू, तुम्ही माझ्यापेक्षा मोठ्या." त्या म्हणाल्या, "मग आधी तुम्ही, मग मी, मग ती पोर." शेवटी पहिल्या मजल्यावरच्या मुलीला आणि तिच्या आईला नीट विचारले. आई आपल्या मंडळाचीच सभासद आहे. भिंतीचे मेणकापड पाहून ती दोन दिवस विचार करत होती, आणि मग हो म्हणाली. कागदावर तिघींची नावे ओळीने लिहिली आहेत.

मला जाताना कसली काळजी असेल ती असो, हिची नाही. मी नसेन त्या संध्याकाळीही ती दाराकडे तोंड करून बसेल आणि काकूंच्या आवाजात म्हणेल, "येतील हं, येतील." आणि कोणीतरी नक्की येईल. त्या कोणातरी येणारीला आत्ताच सांगून ठेवते, की बाई, येताना जुनी साडी नेसून ये.